पिवळी रेघ

"हललं तर कळेल," असं म्हणून तो खिशातून पिवळ्या रंगाचा जाड पेन काढायचा. टोपण दातांत धरून ओढायचा, नुकत्याच आवळलेल्या नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एक बारीक रेघ मारायचा आणि दोन पावलं मागे सरून ती बघत राहायचा. नट सैल पडून फिरला, की वरची अर्धी रेघ खालच्या अर्ध्या रेघेला सोडून जाते. चाकणच्या कारखान्यांत ही रोजची रीत आहे आणि तिथे ती शोभते. हा माणूस घरच्या गॅसच्या रेग्युलेटरवर, सोसायटीच्या गेटच्या बिजागरीवर आणि जिन्यातल्या कठड्याच्या प्रत्येक बोल्टवर रेघा मारत फिरायचा. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, याच्यासमोर फार वेळ एका जागी उभं राहायचं नाही.

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. कंपनी सुटते, पण कंपनी अशांना सोडत नाही. हा गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होता. मूळचा लातूरकडचा, पण बोलणं आता पार कंपनीचं झालं होतं. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी शर्ट खोचून, पट्टा लावून, पायात कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट घालून बाहेर पडायचा. बस मात्र यायची नाही. मग तो माझ्या दुकानात यायचा.

माझं रहाटणीत हार्डवेअरचं दुकान आहे. नळ, पाइप, खिळे, रंग, कुलपं. बावीस वर्षं काउंटरमागे बसल्यावर मला माणूस बोलायच्या आधी कळतो. प्लंबर आला, की काउंटरवर जुना तुकडा ठेवतो आणि म्हणतो, असाच द्या. माण-हिंजवडीकडचे कंप्युटरवाले आले, की मोबाइल ठेवतात. त्यात कुणीतरी परदेशातला दाढीवाला माणूस हसत हसत नळ बदलत असतो. हा आला आणि त्याने काउंटरवर व्हर्नियर ठेवला. मोजायचं ते साधन, लाल मखमलीच्या पेटीत. मी तेव्हाच ओळखलं, की आता आपले दिवस भरले.

स्वतःच्या घरचं नळकाम स्वतः करणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पगारी नोकरीत ज्यांनी आयुष्यभर एक खिळा ठोकला नाही, त्यांना निवृत्तीनंतर अचानक हात फुटतात. त्यातले निम्मे चार दिवसांनी प्लंबरला घेऊन येतात आणि प्लंबरच्या मागे लपून उभे राहतात. ते परवडले. हा लपणाऱ्यातला नव्हता. याला आपलं चुकू शकतं हे ठाऊकच नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्याने अर्ध्या इंचाचं निपल मागितलं. निपल म्हणजे दोन नळजोड सांधणारा पितळेचा आट्यांचा तुकडा. मी दिला. त्याने पेटी उघडली, चष्मा कपाळावर चढवला, मोजलं आणि भरल्या दुकानात म्हणाला, "शेठ, हे एकवीस मिलिमीटर आहे."

"असेल."

"अर्धा इंच म्हणजे बारा पॉइंट सात. हा अर्धा इंच कुठे आहे यात?"

"साहेब, याला अर्धा इंचच म्हणतात."

"म्हणतात म्हणजे काय? मोजा आणि दाखवा."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघंही माझ्याकडे असं बघायला लागली, जसं काही मी बावीस वर्षं लोकांना खोटा इंच विकत होतो. पाइपाचं माप आतल्या पोकळीवरून ठरतं, आणि तेही जुन्या काळच्या पाइपाच्या, हे त्याला समजावून सांगण्यात माझी अर्धी सकाळ गेली. शेवटी त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि "ठीक आहे, नोंद करतो," असं मेहेरबानी केल्यासारखं म्हणाला. तेव्हापासून आमच्या दुकानात त्याचं नाव व्हर्नियर पडलं.

काम काय होतं म्हणाल, तर अर्ध्या दिवसाचं. त्याच्या बायकोला वर्षापूर्वी पॅरालिसिसचा झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला. स्टुलावर बसता यायचं, पण पाण्याचा मग भरून डोक्यावर घेता यायचा नाही. बाथरूममधला जुना शॉवर उभ्या माणसाच्या डोक्यावर आणि नळ बादलीच्या उंचीला, दोन्ही गंजलेले. सकाळी एक बाई यायची आणि तिला आंघोळ घालून जायची. तिला ते नको होतं. तिला आपली आंघोळ आपल्या हाताने करायची होती. याला एवढंच करायचं होतं, की जुनं सगळं काढायचं, आणि गरम-गार पाणी एका दांडीवर सोडणारा मिक्सर नळ बसवून त्याला हातात धरायचा शॉवर जोडायचा, बसलेल्या बाईच्या डाव्या हाताला येईल असा.

माझा प्लंबर रोहिदास हे काम सकाळी सुरू करून जेवायला घरी गेला असता. व्हर्नियरने ते गुढीपाडव्याला सुरू केलं आणि गणपती उठले तरी ते कागदावरच होतं.

कागद म्हणजे ड्रॉइंग. ते तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि येईल त्या गिऱ्हाइकापुढे काउंटरवर पसरायचा. भिंत, नळ, स्टूल आणि स्टुलावर बायको. डोक्याच्या जागी गोल, अंगाच्या जागी रेघा, आणि प्रत्येक रेघेला दोन्हीकडे बाण काढून माप लिहिलेलं. खांद्यापासून कोपर इतकं, कोपरापासून बोटं इतकी, अधिक-उणे पाच मिलिमीटर. गोलात त्याने टिकलीसुद्धा काढली होती. मी तीस-चाळीस लोकांना तरी ते ड्रॉइंग हसत हसत वर्णन करून सांगितलं असेल. टिकलीपाशी आलो की लोक हमखास हसायचे.

मी एकदा त्याची रोहिदासशी गाठ घालून दिली. रोहिदास रहाटणी गावठाणातला. त्याचा बाप विहिरींचे पंप बसवायचा. याने त्याला समोर उभं केलं आणि मुलाखत घ्यायला सुरुवात केली.

"टॉर्क किती देणार?"

"टार्क म्हंजी?"

"आवळताना जोर किती लावणार? आकडा सांगा."

"आकडा न्हाई बा. हाताला समजतंय की."

"हाताला काही समजत नाही," हा म्हणाला. "हाताला समजतं म्हणणाऱ्या माणसाने एकदा ब्रेकचा बोल्ट आवळला होता. मी त्या गाडीचे फोटो बघितलेत."

रोहिदास माझ्याकडे बघून निघून गेला. त्या फोटोंबद्दल मी काही विचारलं नाही. एखाद्याने विचारलं असतं. मला तेव्हा एवढंच दिसलं, की याने माझ्या माणसाला माझ्या दुकानातून हाकललं.

आणि माल परत करण्याबद्दल तर बोलायलाच नको. मिक्सर त्याने आठ वेळा बदलला. एकाची दांडी डाव्या हाताला जड जाते म्हणून, एकाची चकाकी एका कडेला फिकी आहे म्हणून, एकाचं कारण त्याने सांगितलंच नाही, नुसतं "रिजेक्ट" म्हणून काउंटरवर सरकवला. परत आलेल्या खोक्यावर लाल पेनने फुली मारायची त्याची सवय होती. माझ्या मालावर, माझ्या दुकानात, फुली. ती फुलीवाली खोकी मग मी दुसऱ्या कुणाला विकणार कशी?

माझ्या काउंटरच्या टोकाला एक जुना शिकंजा आहे. पाइप त्याच्या जबड्यात धरून कापतात. तो बरीच वर्षं थोडा हलायचा, आणि आम्हाला त्याच्या हलण्याची सवय झाली होती. एका सकाळी हा आपला टॉर्कचा पाना घेऊन आला. ठरवलेला जोर लागला की 'टक' असा आवाज करणारा तो पाना, कंपनीतल्या लोकांनी त्याला निरोपाच्या वेळी दिलेला. कुणी न सांगता खाली वाकून त्याने शिकंज्याचे चारही नट आवळले. टक, टक, टक, टक. मग पिवळा पेन. "हललं तर कळेल, शेठ." मी आभार मानले नाहीत. शिकंजा हलायचा मात्र थांबला.

एका रविवारी दुपारी दुकान बंद करून मी त्याच्या घरी गेलो. भिंत एकदा बघून जा, म्हणून तो पंधरा दिवस मागे लागला होता. तिसरा मजला, मागची सोसायटी. बाथरूमच्या आत स्टुलावर त्याची बायको नेसत्या साडीनिशी बसली होती आणि हा गुडघे टेकून तिच्या डाव्या हाताचं टोक कुठवर जातं ते टेपने मोजत होता.

"अजून वर. पूर्ण ताणून नाही, सहज जाईल तेवढा," तो म्हणत होता.

"सकाळी बी हेच मोजलं होतं," ती म्हणाली. तिचं बोलणं लातूरहून निघालं तसंच राहिलं होतं. जीभ थोडी जड, पण डोळे चांगले तिखट. "भाऊ, तुम्ही तरी सांगा की यांना. सहा महिनं झालं नुसतं मोजायलेत. मला माप नको, पाणी पायजे."

"मेजरमेंट चुकलं तर तुलाच त्रास होईल," हा टेपवरून नजर न काढता म्हणाला.

तो पेन्सिल आणायला आत गेला तेव्हा तिने आवाज खाली केला. "ती बाई चांगली हाय, वाईट न्हाई. पण परकी बाई अंग चोळती आन मी भिंतीकडं बघत बसते. दुसरीकडं बघावं कुठं? मला एकदा माझ्या हातानं पाणी घ्यायचंय, भाऊ. मग काय बी होऊ द्या."

मी म्हटलं, होईल वहिनी, लवकरच होईल. जिना उतरताना मला त्याचा मनापासून संताप आला. बाई पाण्यासाठी तिष्ठत बसली आहे आणि हा तिच्यावर अधिक-उणे करतो आहे. अशा माणसाला कुणीतरी एकदा चांगला धडा शिकवला पाहिजे, असं मी रोहिदासला बोलूनही दाखवलं.

नवरात्र झाल्यावर तो एकदाचा बसवायला निघाला. सकाळची गर्दी होती. काळेवाडीचा एक बिल्डर, माझं मोठं गिऱ्हाइक, तीन इमारतींचे नळ बघायला आला होता. हा मध्येच घुसला, काउंटरवरचा नळ उचलून उजेडात धरला आणि बिल्डरकडे वळून म्हणाला, "यांच्या दुकानात क्वालिटी नाही, स्टॉक आहे." बिल्डर हसला. मीही हसलो, कारण हसण्याशिवाय दुसरं काय करणार होतो? बिल्डर नंतर येतो म्हणाला आणि आला नाही.

मग व्हर्नियर माझ्याकडे वळला. "दोन लांब निपल द्या. उद्या बसवतोय." निपलच्या आत पाना घालायला षटकोनी भोक असतं. त्याने ते मला दाखवलं. "टॉर्कच्या पान्याला पुढे लावायचं याच मापाचं बिट मिळालं. चार्ट बघून जोर ठरवलाय. टक झालं की थांबायचं. एकदम प्रॉपर."

मला माहीत होतं. भिंतीच्या आत ज्या एल्बोत, म्हणजे कोपरासारख्या वळणाच्या जोडात, ते निपल जातं, तो एल्बो प्लास्टिकचा असतो. तोंडाशी फक्त पितळेची कडी असते. तिथे हाताने आवळायचं, पान्याने जेमतेम पाव वळसा द्यायचा, संपलं. ब्रेकच्या बोल्टाचा जोर तिथे लावला, की प्लास्टिक उलतं. हे माझ्या दुकानासमोरच्या चहावाल्यालाही माहीत आहे. मी तोंड उघडलं होतं. मग मला बिल्डरचं हसणं आठवलं. मी तोंड मिटलं आणि निपल कागदात गुंडाळून दिली.

म्हटलं, फुटू दे. फुटेल, पाणी तोंडावर उडेल, शर्ट भिजेल, आणि संध्याकाळी हा माझ्याकडे येऊन रोहिदासचा नंबर मागेल. एवढंच माझ्या मनात होतं. एका माणसाचा शर्ट भिजावा, इतकंच.

फुटलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. "झालं. रेघ मारली." रोहिदासलाही पेढा दिला. "आज ती एकटी आत होती. पस्तीस मिनिटं. मी दाराबाहेर उभा होतो, कडी लावू दिली नव्हती. आतून म्हणाली, तुम्ही जावा तिकडं, मला लाज वाटती." हे सांगताना तो हसला, आणि मग पेढ्याच्या डब्याचं झाकण नीट बसवत राहिला.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. आनंद व्हायला हवा होता आणि मला वाईट वाटलं. ते निपल शाबूत राहिलं याचं. जन्मात पहिल्यांदा नळ बसवणारा हा माणूस जिंकला, आणि वर त्याने मला पेढा दिला. पेढा मी घरी नेला नाही.

दहाव्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधीच तो पायरीवर उभा होता. शर्ट खोचलेला नव्हता. खालच्या मजल्यावर छतातून पाणी ठिबकत होतं, त्यांच्या बेडरूमच्या भिंतीपर्यंत ओल पसरली होती, आणि ते लोक पहाटेच वर येऊन बोलून गेले होते.

"रेघ बघितली मी," तो म्हणाला. "दोन्ही ठिकाणी. केसभर हललेली नाही. मग पाणी कुठून येतंय, शेठ?"

त्याने मला प्रश्न विचारला होता, तोही मला सांगण्यासाठी नव्हे, तर माझ्याकडून ऐकण्यासाठी. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. मी रोहिदासला फोन केला आणि दोघांबरोबर वर गेलो.

बाथरूमच्या दारावर बाहेरून एक कागद चिकटवलेला होता. वर त्याच्या अक्षरात तारखांचे चौकोन पाडलेले, कारखान्यात तपासणीचा तक्ता असतो तसे. प्रत्येक चौकोनात बरोबरची एक खूण, वाकडीतिकडी, कुठे चौकोनाच्या बाहेर गेलेली. डाव्या हाताने केलेल्या खुणा होत्या त्या. आंघोळ झाली, की तिने खूण करायची असा त्याने नियम केला होता. मी मोजल्या. नऊ.

रोहिदासने पाणी बंद करून भिंत फोडली. एल्बो बाहेर आला. गरम पाण्याच्या बाजूचा. बारीक, नखानेच कळेल अशी उभी चीर. तेवढ्यातून दहा दिवस पाणी भिंतीत झिरपत होतं, आणि वर, चकाकत्या नळावर, पिवळी रेघ अगदी सरळ होती.

"एवढा जोर कुणी लावला ओ?" रोहिदास म्हणाला. "ह्यो काय ट्रकाचा नट हाय व्हय?"

व्हर्नियरने एल्बो हातात घेतला. मला वाटलं, आता पेटी काढून मोजेल. त्याने नुसतं उलटंपालटं करून बघितलं. "हे प्लास्टिक आहे."

"आत प्लास्टिक, तोंडाला पितळ."

"मला वाटलं, सगळं पितळ. बाहेरून पितळच दिसतं." मग रोहिदासकडे बघून, "हे कुणाला माहीत असतं?"

"समद्यांना," रोहिदास हातोडी पुसत म्हणाला. "शेठला इचारायचं की."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आतल्या खोलीत पलंगावर त्याची बायको बसलेली दिसत होती, तीही बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हणालो.

हे खरं होतं. त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी इतकं खरं आयुष्यात फार थोड्या वेळा बोललो असेन. त्याने चिडावं, निदान एखादा शब्द बोलावा, असं मला फार वाटलं. त्याने एल्बोच्या चिरेवरून अंगठा फिरवला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "विचारायला पाहिजे होतं. प्रोसेस माझी चुकली."

खालच्या लोकांनी अट घातली. भिंत पूर्ण सुकू द्यायची, फरशीखाली नीट वॉटरप्रूफिंग करायचं, आणि ते होईपर्यंत वर थेंबभर पाणी सांडायचं नाही. तीन आठवडे. त्यांचं चुकलं नव्हतं. माणला राहणारी व्हर्नियरची मुलगी गाडी घेऊन आली आणि आईला बाविसाव्या मजल्यावरच्या आपल्या घरी घेऊन गेली. मी नेमका तेव्हा वॉटरप्रूफिंगचा डबा पोचवायला गेलो होतो. गाडीत बसवताना तिने काच खाली करून मला बोलावलं.

"भाऊ, यांना जरा घाई करायला लावा. तिथं सगळं भारी हाय, पण तिथं माझं काही चालायचं न्हाई. पुन्हा बाईच."

"तीन आठवडे फक्त, वहिनी."

"तीन तर तीन," ती म्हणाली आणि डाव्या हाताने काच वर केली.

या तीन आठवड्यांत व्हर्नियर रोज दुकानात यायचा. भिंतीवर हात ठेवून आलो, अजून गार लागते, एवढंच सांगायचा. हाताला समजतं का हो, असं मी त्याला विचारू शकलो असतो. जिभेवर आलं होतं. रोहिदासने नवा एल्बो टाकला, हाताने आवळला, पाव वळसा दिला. हा शेजारी उभा राहून बघत होता, एकदाही आकडा विचारला नाही. फरशा बसल्या. तोच मिक्सर, तोच हातातला शॉवर, ड्रॉइंगमधल्या उंचीवरच. पिवळा पेन त्याने खिशातून काढला नाही.

एकविसाव्या दिवशी तो आला आणि म्हणाला, "बाथरूम तयार आहे." दुसऱ्या दिवशी तिला आणायला जायचं होतं. तेविसाव्या दिवशी मी त्याच्या शेजाऱ्यांकडून ऐकलं, की माणला तिला दुसरा झटका आला. या वेळी डाव्या बाजूला.

आता इथे तुम्ही म्हणाल, झटका काय, रहाटणीतही आला असता. मीही तसंच म्हणतो. डॉक्टरही तसंच म्हणतील. पण मी दारावरच्या त्या नऊ खुणा मोजल्या आहेत, आणि त्या तीन आठवड्यांत आणखी किती झाल्या असत्या, हे मला व्हर्नियरशिवाय मोजता येतं.

दिवाळीनंतर घर रिकामं करून तोही मुलीकडे गेला. जायच्या आदल्या दिवशी दुकानात आला. पायात साध्या चपला होत्या, खिसा रिकामा. मी खुर्ची दिली. तो बसला नाही.

"वहिनी कशा आहेत?"

"आहे. बाई येते, आंघोळ घालून जाते." त्याने काउंटरवरचा एक नळ उचलला, उजेडात धरला आणि परत ठेवला. "मी जातो ना आत कधी कधी, ती भिंतीकडे बघत असते."

मला त्या वेळी सांगायचं होतं. त्या सकाळी मी तोंड उघडलं होतं, हे सांगायचं होतं. बिल्डर हसला म्हणून मिटलं, हेही. शब्द जुळवेपर्यंत तो काउंटरच्या टोकाला गेला होता. खाली वाकून त्याने शिकंज्याच्या नटांवरची धूळ अंगठ्याने पुसली. एक, दोन, तीन, चार. प्रत्येकाजवळ थोडा थांबला.

"बघा शेठ," तो म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जरासं समाधान दिसलं. "एक दोराभरसुद्धा हललं नाही."

"हो साहेब," मी म्हणालो.

तो गेला. त्यानंतर तो या बाजूला आलेला नाही. त्याच्या घरात आता भाडेकरू आहेत. नळ इतका खाली का आहे, असं त्यांनी रोहिदासला विचारलं आणि तो वर घ्यायला सांगितला. रोहिदास माझ्याकडे सामान घ्यायला आला, तेव्हा मी त्याला लांब पाइप दिला आणि काही बोललो नाही.

आता कुणीही मोबाइल घेऊन नळ बदलायला आला, की मी विचारल्याशिवाय सांगतो. आत प्लास्टिक असतं, जोर लावू नका, हाताने आवळा. लोक वैतागतात. काय कटकट आहे या म्हाताऱ्याची, असं एकजण बाहेर जाता जाता म्हणालासुद्धा. म्हणू देत. असल्या लोकांबद्दलचं माझं मत अजूनही चांगलं नाही.

शिकंजा अजून काउंटरच्या टोकाला आहे. रोज सकाळी शटर उघडलं, की माझी नजर आधी तिकडे जाते. चारही रेघा सरळ असतात. काहीही हललेलं नसतं.